हलायचंच नाही, तर व्यायाम कसला?

१. थरथर कशाची?

जिममध्ये प्लँक करायला लावलेला नवखा माणूस पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतो, आणि तो अगदी रास्त असतो. डंबेल उचलला की हात वर-खाली होतो, बैठका मारल्या की मांड्या भरून येतात. काम झालेलं डोळ्यांना दिसतं. प्लँकमध्ये मात्र कोपर आणि चवडे जमिनीला टेकवून अंग सरळ रेषेत धरायचं आणि तसंच राहायचं. अर्ध्या मिनिटात पोट थरथरतं, कपाळावर घाम जमतो, शेवटी अंग खाली येतं. एवढ्या वेळात हललं तर काहीच नाही. मग स्नायू बळकट होतात ते कशाने?

शाळेतलं भौतिकशास्त्र या प्रश्नाला आणखी धार लावतं. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. अंतर शून्य, म्हणून कार्यही शून्य. भिंत ढकलणारा माणूस घामाघूम झाला तरी त्याच्या खात्यावर काही जमा होत नाही. स्नायूचा कारभार मात्र या सूत्राने चालत नाही. स्नायूच्या तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे शेजारी शेजारी असतात. ताण धरून ठेवायचा तर मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक पकडीला एटीपी नावाचं इंधन खर्ची पडतं. बाहेरून स्तब्ध दिसणाऱ्या पोटात ही धरसोड अखंड चालू असते. काही तंतू थकले की मेंदू त्यांच्या जागी दुसरे कामाला जुंपतो. ही अदलाबदल सफाईने होत नाही, म्हणून पोट थरथरतं.

धडाच्या स्नायूंचं रोजचं काम बहुतेक याच जातीचं असतं. एसटीत उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने ब्रेक मारला, एका हातात पाण्याची भरलेली बादली आहे, कडेवर मूल आहे आणि खाली पडलेली किल्ली उचलायची आहे. या प्रत्येक वेळी हात-पाय हलतात आणि धड शक्य तितकं जागच्या जागी राहतं. नको असलेली हालचाल रोखणं हीच इथली कमाई. प्लँक आणि त्याच्या गोतावळ्यातले व्यायाम धडाला नेमकं हेच काम देतात.

२. नऊ किलोंना हार मानणारा कणा

माकडहाडाजवळचे जुळलेले भाग सोडले तर प्रौढ माणसाच्या कण्यात २४ सुटे मणके असतात: मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५. एकावर एक रचलेल्या या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात आणि त्यांना अस्थिबंध बांधून ठेवतात. एवढी बांधणी पाहून कणा स्वतःच्या बळावर उभा असेल असं वाटतं. तसं नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात भारतीय वंशाचे संशोधक मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहातून काढलेले कमरेचे मणके तपासले. चकत्या आणि अस्थिबंध शाबूत होते, स्नायू तेवढे काढलेले होते. वरून सुमारे ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोंचा भार आला की ती रचना एका बाजूला झुकून दुमडायची. साठ किलोंच्या माणसाच्या कमरेवर डोकं, हात आणि छाती मिळून याच्या कितीतरी पट वजन उभं असतं. वरच्या भाराची ही तफावत स्नायू भरून काढतात.

१९९२ मध्ये पंजाबींनी या सगळ्याचा एक साधा आराखडा मांडला. कण्याचं स्थैर्य तिघांच्या भागीदारीवर चालतं: हाडं, चकत्या आणि अस्थिबंध हा पहिला भागीदार, स्नायू हा दुसरा, आणि त्यांना वेळेवर हुकूम देणारी चेतासंस्था हा तिसरा. एक कमी पडला तर बाकीचे दोघे काही काळ ओढून नेतात. पुढे त्यांच्यावरच बोजा पडतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही भागीदारी चटकन समजेल. उंचच उंच काठी एक जण पेलतो आणि तिला बांधलेले दोर धरून चहूबाजूंनी माणसं उभी असतात. काठी तोलली जाते ती या दोरकऱ्यांमुळे. एकाने जोरात हिसका दिला तर काठी त्याच्याकडे कलते, आणि सगळ्यांनी दोर ढिले सोडले तर ती कुठेही जाईल. प्रत्येकाने थोडाच ताण ठेवायचा, पण तो सतत ठेवायचा, आणि काठी झुकायच्या आत तिचा कल ओळखायचा. दोर किती जाड आहे याला त्यामानाने कमी महत्त्व.

३. आतले आणि बाहेरचे

आता हे दोरकरी कोण ते पाहू. १९८९ मध्ये स्वीडनच्या अँडर्स बर्गमार्क यांनी धडाच्या स्नायूंची दोन गटांत विभागणी केली. मणक्यांना थेट चिकटलेले, लहान आणि खोलवरचे ते एका गटात. छातीचा पिंजरा आणि कटीची हाडं यांना जोडणारे लांब आणि वरवरचे ते दुसऱ्या गटात.

जाहिरातीत दिसणारा ‘सिक्स पॅक’ म्हणजे बरगड्यांपासून जांघेच्या वरच्या हाडापर्यंत उभा जाणारा रेक्टस ॲब्डॉमिनिस. त्यावरच्या आडव्या पट्ट्या सगळ्यांनाच असतात, फक्त चरबीखाली झाकलेल्या असतात. त्याच्या दोन्ही बाजूंना तिरपे स्नायू आहेत. ते धडाला पिळ देतात आणि नको असलेला पिळ अडवतातही. सर्वांत आत ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस आहे. त्याचे तंतू आडवे जातात, पोटाला वळसा घालून पाठीकडच्या जाड पडद्याला मिळतात. पाठीमागे कण्याच्या दोन्ही अंगांना लांब उभे स्नायू आहेत. त्यांच्याही आत, एका मणक्यावरून निघून खालच्या दोन ते चार मणक्यांपर्यंत पोहोचणारा मल्टिफिडस आहे. कुशीत, शेवटची बरगडी आणि कटीचं हाड यांच्या मध्ये क्वाड्रेटस लंबोरम बसलेला असतो.

पोटाची पोकळी वरून श्वासपटलाने आणि खालून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी बंद केलेली असते. चारही बाजूंचे स्नायू एकदम ताठ झाले की आतला दाब वाढतो आणि कमरेच्या मणक्यांना पुढून आधार मिळतो. जड पोतं उचलताना हमाल नकळत श्वास कोंडतो तो याच कारणाने. मात्र श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाबही झपकन वर जातो. म्हणून व्यायामात पोट घट्ट ठेवून श्वास चालू ठेवायला शिकवतात. सुरुवातीला हे अवघड वाटतं, कारण श्वासपटलाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात.

४. हात उचलण्याच्या आधी

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उभ्या माणसाला खूण मिळताच हात झटकन उचलायला सांगायचं आणि त्याच वेळी कोणता स्नायू केव्हा जागा होतो ते बारीक इलेक्ट्रोडने टिपायचं. काम खांद्याचं, म्हणून खांद्याचा स्नायू पहिला जागा होईल अशी कुणाचीही अपेक्षा. निरोगी माणसांमध्ये मात्र पोटातला ट्रान्सव्हर्सस सेकंदाच्या काही शतांश भागाने आधीच आवळला जायचा. हात हलला की धडाचा तोल ढळणार हे चेतासंस्थेला ठाऊक असतं, आणि ती आधीच तयारी करून ठेवते. कंबरदुखीचा इतिहास असलेल्यांमध्ये हीच तयारी उशिरा व्हायची.

त्याच विद्यापीठातल्या ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचा पाठपुरावा केला. दुखणं ओसरल्यावरही मल्टिफिडसचा घटलेला आकार आपोआप भरून येत नाही असं त्यांना सोनोग्राफीत दिसलं. खास व्यायाम केलेल्या गटात वर्षभरात ३० टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, इतरांमध्ये ८४ टक्के लोकांना. गट लहान होता हे विसरून चालणार नाही. जगभरचे फिजिओथेरपिस्ट मात्र या निष्कर्षांनी भारावून गेले, आणि पुढची दहा वर्षं रुग्णांना बेंबी आत ओढून एकच स्नायू वेगळा आवळायला शिकवण्यात गेली.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्‌गिल यांना हे पटलं नाही. एकाच स्नायूवर कणा तोलता येत नाही. पोट आत न ओढता सगळीकडून सारखंच ताठ करावं, कुणी पोटावर हलकी चापट मारणार आहे असं समजून, असा त्यांचा आग्रह होता. सासनकाठीचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. चार दोरांपैकी एकच दोर घासूनपुसून लख्ख करण्याचा उद्योग जरा अतिच झाला होता.

५. दहा किलोंची कळशी, ऐंशी किलोंची ओढ

धडाच्या स्नायूंवर किती बोजा येतो याचा एक सोपा हिशेब करू. भरलेली दहा किलोंची कळशी दोन्ही हातांत धरली आहे आणि ती कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. तिला पेलणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर आहेत. तोल साधायचा तर दोन्हीकडचा गुणाकार सारखा हवा. कळशीकडे १० गुणिले ४०, म्हणजे ४००. पाठीकडे ४०० भागिले ५, म्हणजे ८०. दहा किलोंसाठी पाठीला ऐंशी किलोंची ओढ लावावी लागते. कळशी पोटाजवळ घेतली आणि अंतर २० सेंटिमीटर झालं की ओढ निम्मी, ४० किलो. ही ओढ आणि कळशीचं वजन दोन्ही शेवटी चकत्यांवर दाब म्हणून येतात. स्वतःच्या धडाचं वजन अजून यात धरलेलंच नाही.

गुडघे टेकवून केलेला प्लँक सोपा का जातो याचं उत्तरही याच हिशेबात आहे. पुढचा आधार कोपरांचा, मागचा चवड्यांचा. मागचा आधार गुडघ्यांवर आणला की दोन आधारांमधलं अंतर आणि मध्ये लोंबणारं वजन, दोन्ही घटतं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

आणि पाठीवर झोपून पूर्ण उठून बसायच्या जुन्या ‘सिट-अप्स’ मागे का पडल्या तेही इथेच कळतं. मॅक्‌गिल यांच्या मोजणीत एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३३०० न्यूटन दाब येतो. अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षेसाठी ठरवलेली, वजन उचलताना कण्यावर येणाऱ्या दाबाची मर्यादा सुमारे ३४०० न्यूटन आहे. म्हणजे प्रत्येक उठण्यात माणूस त्या मर्यादेच्या उंबऱ्याशी जातो, आणि तेही कणा वाकवून.

६. बळकट होतं ते नेमकं काय?

नियमित व्यायाम सुरू केल्यावर दोन आठवड्यांतच प्लँकची वेळ वाढते. एवढ्यात स्नायू जाड झालेला नसतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांतली बहुतेक वाढ चेतासंस्थेची असते: एका वेळी जास्त तंतू कामाला लावणं, त्यांना अधिक वेगाने संदेश पाठवणं, आणि विनाकारण आखडणाऱ्या स्नायूंना गप्प बसवणं. सुरुवातीला प्लँक करणारा मान, जबडा, अगदी मुठीसुद्धा आवळतो. महिन्याभराने हा फाफटपसारा कमी होतो.

त्यानंतर तंतूंची पाळी. वारंवार ताण बसला की तंतूत प्रथिनं जास्त तयार होतात आणि तंतू हळूहळू जाडावतो. आकारातला फरक दिसायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मल्टिफिडससारख्या स्नायूंत सावकाश पण दीर्घकाळ काम करणाऱ्या तंतूंचा भरणा जास्त असतो. त्यांच्यासाठी रक्तपुरवठा आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढणं हाच मोठा लाभ. न हलता केलेल्या व्यायामाची आणखी एक खोड आहे. ज्या कोनात स्नायू ताणून धरला, त्या कोनाच्या आसपासच ताकद सर्वांत जास्त वाढते. हाताच्या बाबतीत ही उणीव ठरेल. कण्याला मात्र आपल्या नैसर्गिक बाकातच घट्ट राहायचं असतं, म्हणून इथे ती पथ्यावर पडते.

ताकदीपेक्षा दम मोठा, याला डेन्मार्कमधला एक जुना पुरावा आहे. बिअरिंग-सोरेन्सन यांनी तिथल्या नऊशेहून अधिक रहिवाशांना टेबलावर पालथं झोपवलं, कमरेवरचं अंग टेबलाबाहेर ठेवून ते किती वेळ सरळ धरता येतं ते मोजलं आणि वर्षभराने विचारपूस केली. १९८४ साली आलेल्या या अभ्यासात, जास्त वेळ टिकलेल्या पुरुषांना पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी आढळलं. चालण्या-बसण्यात कणा स्थिर ठेवायला स्नायूंच्या कमाल ताकदीचा अगदी थोडा टक्का पुरतो. अडचण ही की तो दिवसभर पुरवावा लागतो.

७. मॅक्‌गिल यांचं त्रिकूट

कण्यावर कमीत कमी दाब आणि स्नायूंना भरपूर काम, या कसोटीवर मॅक्‌गिल यांनी तीन व्यायाम निवडले.

पहिला कर्ल-अप. उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे, म्हणजे कंबर जमिनीला चेपली जात नाही. मग डोकं आणि खांदे जमिनीपासून किंचित उचलायचे. हनुवटी छातीला टेकवायची नाही. पाहणाऱ्याला वाटेल हा काहीच करत नाही. बरोबर केला तर पोट लगेच जाणवतं.

दुसरा साइड प्लँक. कुशीवर आडवं होऊन खांद्याच्या बरोबर खाली कोपर टेकवायचं आणि कंबर उचलायची. सुरुवातीला गुडघे वाकवून, जमू लागल्यावर पाय सरळ करून. तिरपे स्नायू आणि क्वाड्रेटस लंबोरम यात झडझडून काम करतात, आणि त्या मानाने कण्यावर दाब कमी येतो. तिघांतला सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा व्यायाम हाच.

तिसरा बर्ड-डॉग. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, मग उलट. पाय उंच नेण्याच्या नादात कंबर खोलगट होते आणि एका बाजूला कलते. तिथे व्यायाम फुकट जातो. पाय जमिनीला समांतर राहिला तरी पुरे.

प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही आणि प्राणवायू लवकर घटतो, म्हणून लांबलचक एका पकडीपेक्षा छोट्या पकडी बऱ्या. पहिल्या फेरीत सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा: थकवा वाढेल तशी संख्या उतरती. २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या योसेफ शालेक यांनी साडेनऊ तासांहून अधिक वेळ प्लँक धरून विक्रम केला. तो विक्रम म्हणून थोरच, पण कमरेच्या आरोग्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

वेळेचंही एक पथ्य आहे. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो तो यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. म्हणून अंथरुणातून उठल्या उठल्या पुढे वाकायचे व्यायाम नकोत. तासभर हिंडून-फिरून झालं की बरं.

८. तालमीतलं जुनं भांडवल

जिममधला हा व्यायाम परदेशातून आला म्हणून मराठी अंगाला तो अगदीच परका आहे असं नाही. तालमीत जोर मारणारा पैलवान हात-पायांवर अंग तोलून धरतो तेव्हा त्याचं पोट प्लँकचंच काम करत असतं, तेही पुढे-मागे सरकत. सूर्यनमस्कारात तळवे आणि चवड्यांवर शरीर सरळ धरण्याची स्थिती येते. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी या नमस्कारांचे मोठे प्रचारक. त्यांचं याविषयीचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. बारा नमस्कार भरभर उरकणारे या स्थितीतून क्षणात निसटतात. तिथे दोन श्वास थांबलं तर पोटाला वेगळाच हिसका कळतो.

मल्लखांब तर या विषयातला वरचा वर्ग. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या खेळाला नवसंजीवनी दिली. खांबाला पकडून शरीर जमिनीला समांतर धरणाऱ्या खेळाडूच्या धडावर येणारा ताण वरच्या कळशीच्या हिशेबाने मोजून पाहावा: आधार एका टोकाला आणि सगळं अंग अधांतरी.

९. भरवसा किती ठेवावा?

या व्यायामांच्या नावावर बरंच काही खपवलं जातं. प्लँकने पोटाची चरबी वितळत नाही. चरबी कुठून उतरायची ते स्नायू ठरवत नाही. कंबरदुखीबाबत २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. जुनाट कंबरदुखीत धडाच्या नियंत्रणाचे खास व्यायाम काहीच न करण्यापेक्षा उपयोगी ठरले, पण इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा ते लक्षणीय सरस असल्याचं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट कंबरदुखीत व्यायामाची शिफारस करतात. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताणण्याचा उपचार, मात्र नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं त्या सांगतात. आपल्याकडे कंबर धरली की घरातलं कुणीतरी आधी पट्टाच आणून देतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर सतरंजी गुंडाळून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उच्च रक्तदाब असलेल्यांनी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी.

बाकीच्यांना जमिनीवरचे तीन व्यायाम सहज जमू लागले की पुढची पायरी उभ्याने करायची असते: एका हातात वजन घेऊन चालायचं आणि धड त्या बाजूला कलू द्यायचं नाही. ओझं उजव्या हातात असेल तर डावी कूस कणा सावरते. यासाठी जिमची गरज नाही. गिरणीतून पाच किलो दळण आणताना पिशवी एकाच हातात धरावी, खांदे समतल ठेवावेत, आणि निम्म्या वाटेवर हात बदलावा.